गाडी बघायची ती मे महिन्यात, दुपारी दोन वाजता

माझ्या भाचीला नागपूरच्या मिहान औद्योगिक भागात नोकरी लागली. पहिला पगार हातात पडायच्या आधीच तिचा फोन आला, "मावशी, चार लाखांत कोणती सेकंडहँड गाडी घेऊ?" मी गाडीचं नाव सांगितलं नाही. तिला म्हटलं, मे महिन्यापर्यंत थांब, आणि तोवर रोज किती किलोमीटर होतात ते लिहून ठेव. तिला राग आला. पण ती थांबली, म्हणून आता हे सगळं नीट लिहून काढते आहे, कारण तिच्यानंतर ऑफिसमधल्या तिघांनी मला हाच प्रश्न विचारला.

मी बुटीबोरीच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. घर मानेवाड्याला. जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर, आठवड्यातले सहा दिवस. 2017 पासून एकच गाडी, 2014 ची एक लिटर पेट्रोलची वॅगन-आर, मी तिची दुसरी मालकीण. घेतली त्या दिवसापासून तिच्यावर गेलेला प्रत्येक रुपया एका लांबट वहीत लिहिते. पेट्रोल, पंक्चर, वायपरचं रबर, पार्किंगचे वीस रुपये, सगळं. मला गाड्यांतलं जे काही कळतं ते बहुतेक या वहीतून कळलं.

आधी वहीतलं एक वर्ष दाखवते, एप्रिल 2023 ते मार्च 2024. गाडी 14,620 किलोमीटर चालली. अ‍ॅव्हरेज 17.4 चा पडला, म्हणजे 840 लिटर पेट्रोल. तेव्हा नागपुरात भाव 106 रुपयांच्या आसपास होता, तर झाले सुमारे 89,000. सर्व्हिसिंग आणि ऑइल 6,400. विमा 5,200. चार टायरचा संच 16,800 ला घेतला होता आणि तो 45,000 किलोमीटर जाईल असा माझा हिशेब, म्हणून त्या वर्षाच्या वाट्याला 5,460. बॅटरीचा वाटा 1,500. एसीची दुरुस्ती 7,200. धुणं, पंक्चर, पीयूसी, किरकोळ असे 3,100. आणि गाडीची किंमत वर्षभरात साधारण 15,000 नी उतरली, तेही मी खर्चातच धरते. एकूण सुमारे 1,32,900. किलोमीटरला 9 रुपये 9 पैसे.

त्यातले पेट्रोलचे 6 रुपये 9 पैसे. बाकीचे तीन रुपये कोणी मोजत नाही, आणि सेकंडहँड गाडी चुकीची निघाली की हेच तीन रुपये बघता बघता सहा होतात.

अ‍ॅव्हरेजच्या मागे किती धावायचं

भाचीनं महिनाभर मोजलं. मनीषनगर ते मिहान, रविवारी आई-बाबांकडे, कधीतरी रामटेक, असं धरून वर्षाला आठ हजार किलोमीटर. ती दोन गाड्यांत अडकली होती, एक 18 चा अ‍ॅव्हरेज देणारी, दुसरी 22 चा. दुसरी साठ हजारांनी महाग. आम्ही कागदावर मांडलं: 18 नं 444 लिटर, 22 नं 364 लिटर. फरक 80 लिटरचा, वर्षाला सव्वाआठ-साडेआठ हजार रुपये. साठ हजार वसूल व्हायला सात वर्षं. मग तिनं तो विचार सोडला.

डिझेलचंही असंच. रोज शंभर किलोमीटर हायवे असेल तर डिझेल परवडतं. आठ-दहा किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर नकोच. 1 एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात त्याला. साठलेली काजळी जाळून टाकायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो आणि तापलेला राहावा लागतो. मनीषनगरहून निघून मिहानच्या गेटवर थांबलेल्या गाडीत तेवढी उष्णता तयारच होत नाही. फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, आणि मग बिल येतं. सीएनजीबद्दल मी एकच विचारते: पंप तुमच्या रोजच्या रस्त्यावर आहे का, आणि तिथं रांग किती असते ते सकाळी नऊ वाजता स्वतः जाऊन बघितलं का?

अ‍ॅव्हरेज कसा काढायचा तेही सांगून ठेवते, कारण लोक डॅशबोर्डवरचा आकडा खरा धरतात. टाकी फुल करा, नोझल आपोआप बंद होईल तिथं थांबा, किलोमीटर लिहा. पुढच्या वेळी त्याच पंपावर, तशीच फुल. मधले किलोमीटर भागिले या वेळी बसलेले लिटर. सलग तीन वेळा करा आणि तिन्हींची बेरीज घेऊन सरासरी काढा. एका वेळचा आकडा कामाचा नसतो. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे आल्यावर माझी गाडी 17.4 वरून साडेसोळावर आली. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे थोडी घट येणारच. जुनी गाडी असेल तर इंधनाचे रबरी पाइप आणि जोड वर्षातून एकदा मिस्त्रीकडून बघून घ्या. मी दर मार्चमध्ये बघून घेते.

दुपारी दोनला का

डिसेंबरात सगळ्याच गाड्या चांगल्या असतात. हवा गार, इंजिन गार, एसी लावला नाही तरी चालतं. नागपुरात गाडीची परीक्षा नवतप्यात होते, 25 मेपासूनच्या त्या नऊ दिवसांत, जेव्हा पारा 45 च्या वर जातो आणि वर्धा रोडचं सिमेंट खालून भाजत असतं. रेडिएटरचा पंखा मरायला टेकलाय, इंजिन थंड ठेवणारं कूलंट झिरपतंय, एसीचा कंडेन्सर (गॅस थंड करणारा, रेडिएटरसारखा भाग) तुंबलाय, बॅटरी थकलीय, हे सगळं मेच्या दुपारी अर्ध्या तासात उघडं पडतं. विकणारा म्हणतो, "ताई, सकाळी या ना, उन्हात कायले त्रास घेता?" तेव्हा हसून सांगायचं, दुपारीच येते.

गाडी दोन तास उन्हात उभी हवी असं आधीच सांगून ठेवा. गेल्यावर पहिल्यांदा बोनेटला हात लावा. उन्हानं वरचा पत्रा तापतोच, पण बोनेट उघडून इंजिनजवळ हात नेला तर ते नुकतंच चालवलेलं आहे का ते कळतं. थंड इंजिन स्वतः सुरू करायचं. एका झटक्यात सुरू झालं पाहिजे, आणि मागच्या पाइपातून येणारा धूर बघायला कुणीतरी मागे उभं हवं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही जात नसेल तर कूलंट जळत असण्याची शक्यता. ऑइलचं झाकण उघडून आत बघा. तिथं दुधाळ कॉफीसारखा लगदा दिसला तर ऑइलमध्ये पाणी गेलंय, तिथूनच नमस्कार करून निघा.

मग एसी पूर्ण लावून गाडी उभ्या जागी पंधरा मिनिटं चालू ठेवायची. मी प्रयोगशाळेतला साधा थर्मामीटर घेऊन जाते, एसीच्या मधल्या जाळीत खोचते. बाहेर 44 असताना माझी गाडी चालताना 13 दाखवते, उभी असताना 17. उभ्या गाडीत आकडा 22-25 वर चढत गेला आणि गाडी हलली की पुन्हा खाली आला, तर बहुधा पुढचा पंखा नीट फिरत नाही किंवा कंडेन्सर कचऱ्यानं भरलाय. इंजिनाच्या तापमानाचा काटाही त्याच वेळी बघायचा. तो अर्ध्याच्या आसपास स्थिर राहिला पाहिजे, आणि पंखा चालू-बंद होताना ऐकू आला पाहिजे. पंधरा मिनिटं बोलत बसायला विकणाऱ्याला कंटाळा येतो. येऊ दे.

नंतर चालवून बघा, आणि रस्ता तुम्ही निवडा. मी भाचीला मानेवाडा रिंग रोडच्या एका उखडलेल्या तुकड्यावर काच खाली करून, रेडिओ बंद करून न्यायला लावलं. खडखड आली तर सस्पेंशनचा लिंक रॉड किंवा बुश गेलेला, ते स्वस्तात होतं. पण घासाघीस करायला ते हातात असावं. क्लच बघायला सपाट रस्त्यावर चाळीसच्या वेगानं चौथा गिअर टाका आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग तसाच राहिला तर क्लच प्लेट घसरतेय.

किलोमीटर मागे फिरवलेले असू शकतात हे गृहीत धरूनच चला. मीटरवर 38,000 आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंगचं कातडं चकाकतंय, तर कागद मागा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नंबरावर जुन्या सर्व्हिसिंगच्या नोंदी मिळतात. चारही दारांच्या काचांवर बारीक छापलेलं वर्ष बघा. तीन काचा 2018 च्या आणि एक 2021 ची, तर त्या दाराला कधीतरी काहीतरी झालंय. बोनेटच्या आणि फेंडरच्या बोल्टवरचा रंग पान्यानं उडालेला असेल तर तो भाग खोलला होता.

बुडालेली गाडी

यावर जरा थांबते, कारण नागपुरात हे विसरून चालणार नाही. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली आणि अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीपासून सीताबर्डीपर्यंत गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यातल्या बऱ्याच पुसून-पासून पुन्हा बाजारात आल्या असणार.

भाचीला एक पांढरी सेडान फार आवडली होती. बाजारभावापेक्षा साठ हजारांनी स्वस्त, आतून नवीन सीट कव्हर, सुगंधाची बाटली लावलेली. मी पुढचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला, शेवटपर्यंत. रोज वापरात न येणाऱ्या त्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेष होती. मग डिक्कीतली स्टेपनी काढली, खालच्या खोबणीत वाळलेला गाळ आणि गंज. पुढच्या पायपोसाखालचा नमदा दाबला तर कडक, सोलल्यावर कुबट वास. विकणारा म्हणाला, "पावसाचं पाणी असन ताई, खिडकी उघडी राहून गेली होती." आम्ही चहा घेऊन निघालो. अशा गाडीचं इंजिन चांगलं असू शकतं, पण वायरिंगच्या जोडांत गेलेला ओलावा दोन-दोन वर्षांनीही त्रास देतो, कधी पॉवर विंडो, कधी एअरबॅगचा दिवा, कधी गाडी सुरूच न होणं. ते शोधण्यात जाणारे दिवस आणि पैसे कुठल्याच सवलतीत भरून निघत नाहीत.

आणि तुमची स्वतःची गाडी पाण्यात उभी असेल तर चावी फिरवू नका. एकदाही नाही. त्या पहाटे आमच्या ओळखीतल्या एकानं "सुरू होते का बघू" म्हणून स्टार्टर मारला. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. त्याचं इंजिन गेलं, आणि साध्या पॉलिसीत असा खर्च मिळायला फार भांडावं लागतं, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर असतं. बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा, फोटो काढायचे, विमा कंपनीला कळवायचं आणि टोचन लावून न्यायची.

उन्हाळ्याआधी, होळीपर्यंत

कूलंट. 21 मे 2019, दुपारी पावणेतीन, जामठ्याच्या स्टेडियमपुढे माझ्या गाडीचा काटा लालमध्ये गेला. आधी दहा दिवस सिग्नलवर एसी कोमट येत होता आणि मी दुर्लक्ष केलं होतं. पंख्याची मोटर गेली होती. काटा चढायला लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण लावा, खिडक्या उघडा. इंजिनाची उष्णता त्या हीटरमधून आत येते, भयंकर त्रास होतो, पण इंजिन वाचतं. काटा लालमध्येच गेला तर सावलीला थांबून इंजिन बंद. रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. ते झाकण आतला दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी 120 अंशांच्या आसपास जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो आणि ते सगळं एकदम उसळून अंगावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबाच. मी त्या दिवशी एका टपरीच्या सावलीत चाळीस मिनिटं बसले.

आपल्याकडे लोक बोअरचं पाणी घालतात. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जसे चुलीवरच्या भांड्यात बसतात तसे बसतात. तयार कूलंट घ्या, नाहीतर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात. पातळी दर रविवारी सकाळी, थंड गाडीत बघा. कमी होत असेल तर नुसतं भरत राहू नका. माझे मिस्त्री म्हणतात तेच खरं, "ताई, कमी होऊन राहिलं म्हणजे कुठून तरी जाऊन राहिलं."

एसीच्या गॅसलाही हेच लागू आहे. तीन वर्षं दर एप्रिलला एका दुकानात मी 1,800 रुपये देऊन गॅस भरून घेत होते. मला वाटायचं, पेट्रोलसारखा तो संपत असेल. गॅस संपत नसतो, तो बंद नळ्यांत फिरत असतो. थंडावा कमी झाला आणि गॅस खरंच कमी असेल तर गळती आहे. चौथ्या वेळी दुसऱ्या मिस्त्रीनं आधी नायट्रोजन भरून, साबणाचं पाणी लावून कंडेन्सरची गळती शोधली. वर सांगितलेले 7,200 ते हेच. त्यानंतर आजतागायत गॅस भरलेला नाही. तुम्ही सांगा, "आधी गळती दाखवा, मग गॅस." शिवाय मार्चमध्ये पुढच्या जाळीतून साध्या पाण्यानं, हलक्या धारेनं कंडेन्सर धुऊन घ्या आणि केबिन फिल्टर बदला. तो स्वस्त असतो, बहुतेक गाड्यांत ग्लोव्हबॉक्सच्या मागे, आणि पाच मिनिटांत घरी बदलता येतो.

टायर. नागपुरात एक समज घट्ट आहे, की उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी म्हणजे टायर फुटत नाही. हे उलटं आहे, आणि धोक्याचं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीत जास्त दबते, त्या दबण्यानं तो आतून तापतो, आणि वेगात असाच टायर फुटतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेला आकडा ठेवा, सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजून. चालवून आल्यावर दोन-चार पीएसआय जास्त दिसतात, ते काढू नका. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मी देत नाही. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. पाच वर्षांच्या वरचा टायर कितीही जाड दिसू दे, मी तो घेऊन समृद्धी महामार्गावर चढत नाही. तिथं 120 ची मर्यादा आहे आणि तासन् तास एकाच वेगानं सिमेंटवर जायचं असतं. स्टेपनीचंही वर्ष बघा, तीच सगळ्यात जुनी असते.

बॅटरी उन्हाळ्यात खराब होते आणि कळतं डिसेंबरच्या थंड सकाळी. दोन-तीनशे रुपयांचा मल्टीमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट, इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4. सकाळी 12.2 च्या खाली येऊ लागली की नवीन बॅटरीचे पैसे बाजूला काढायला लागा.

ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, ते हवेतला ओलावा ओढतं. इंजिन ऑइल पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच. वायपरचं रबर मात्र मेमध्ये बदलू नका, ऊन त्याला महिनाभरात कडक करतं. मृग लागायच्या दोन-तीन दिवस आधी बदला.

मिस्त्री आणि कागद

वॉरंटी संपल्यावर मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये फक्त रिकॉल (कंपनीनंच दोषासाठी गाड्या परत बोलावल्या तर) किंवा सॉफ्टवेअरच्या कामाला जाते. बाकी एकच मिस्त्री, आठ वर्षं. तीन गोष्टी ठरलेल्या आहेत: काम सुरू करण्याआधी फोनवर आकडा, सुटा भाग मी आणून दिला तरी चालेल, आणि काढलेला जुना भाग मला परत. शेवटच्या गोष्टीवर ते आधी नाराज झाले होते. आता जुना भाग हातात घेऊन तो का गेला हे स्वतःच समजावून सांगतात, आणि मी ते वहीत लिहिते.

कागदांचं थोडक्यात. गाडीच्या नंबरात एमएच-31 म्हणजे नागपूर शहर, एमएच-49 पूर्व नागपूर, एमएच-40 नागपूर ग्रामीण. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म 28 ची एनओसी लागते का ते आधी विचारा. हस्तांतरणाला फॉर्म 29 आणि 30, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35. एम-परिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून थकलेले चालान बघा आणि ते विकणाऱ्याकडून भरून घ्या. विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा असतो. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट) मालकाचा असतो, गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे पहिल्या वर्षी हप्ता जास्त दिसेल.

भाचीनं शेवटी 2019 ची 1.2 लिटरची वॅगन-आर घेतली, एकाच मालकाची, 46,000 किलोमीटर झालेली. एक लिटरची स्वस्तात मिळत होती, पण चार माणसं, एसी आणि वर्धा रोडचा उड्डाणपूल असं एकत्र आलं की लहान इंजिन रडतं, हे मी माझ्या गाडीत रोज अनुभवते. टायर 2019 चेच होते, ते किमतीतून 14,000 कमी करून घेतले आणि त्याच आठवड्यात बदलले. आमच्या घराजवळच्या दुकानातून तिनं लांबट वही आणली. पहिल्या पानावर किलोमीटर, तारीख, चार टायरचे आकडे, बॅटरीचा नंबर, आणि उभ्या गाडीत एसीचं तापमान: 16.